फुग्यांच्या गोधडीतलं पांढरं लुगडं

माय, तुझं पांढरं लुगडं मी कापलं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण बाकीचं सांगता सांगता ते राहून जाईल, आणि राहिलेलं काम तुझ्यापाशी चालत नसे. शिवण अर्धवट टाकून कोणी उठलं की तू म्हणायचीस, टाका मार आन् मग जा. तर हा टाका मारला. आता सावकाश सांगतो. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की माझे केस आता तुझ्यापेक्षा जास्त पांढरे आहेत. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून मी रिटायर झालो. पांढुर्णा आता जिल्हा झाला आहे, कलेक्टर इथेच बसतो. तुला त्याचं काही वाटलं नसतं. तुझ्या लेखी शहर म्हणजे सौसर, आणि पांढुर्णा म्हणजे मुलगा नोकरीला आहे म्हणून नाइलाजाने जावं लागतं ते गाव. इथे जरा राहिलीस की सौसरच्या घराला कुलूप नीट लागलं होतं की नाही याची तुला शंका यायची आणि तू पिशवी भरायला लागायचीस.

तुझा नातू पुण्यात नोकरी करतो. तू गेलीस तेव्हा तो चड्डीची नाडी बांधून घ्यायला तुझ्याकडे यायचा, आता त्याला मुलगी आहे, नुकतीच चालायला लागलेली. सून पुण्याचीच. चांगली आहे, मोकळी बोलते. पण तिच्याशी बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवतो आणि मग तोंड उघडतो, त्यामुळे तिचा समज झाला आहे की मी कमी बोलणारा माणूस आहे. हे माझ्या बायकोने ऐकलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून किती तरी वेळ हसत होती. नातीला मी जास्त करून फोनवरच पाहतो. ती मला पाहते तेव्हा फोनच्या मागे हात घालून मी तिथे आहे का ते तपासते. उन्हाळ्यात आम्ही पुण्याला गेलो होतो. मी तिला हौसेने उचललं, तर तिने असा सूर लावला की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. सून म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका बाबा, ती सगळ्यांकडेच रडते. पण खाली वॉचमनकडे ती हसत हसत गेली, ते मी पाहिलं होतं. मला वाईट वाटलं होतं, आणि दीड हाताच्या पोरीचं वाईट वाटून घ्यावं याचीही लाज वाटली होती.

दसरा झाला आणि सुनेने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक बाई कापडाचे लहान लहान चौकोन शिवून, त्यांचं पोट भरून, फुगे फुगे एकमेकांना जोडून बाळाची गोधडी करते. पफ क्विल्ट म्हणतात तिला. मागे कधीतरी मी सुनेला सांगितलं होतं की माझी माय लोकांच्या गोधड्या शिवायची आणि तिच्या सुईत दोरा ओवता ओवता मीही शिकलो. ते तिने लक्षात ठेवलं होतं. तिने लिहिलं होतं की दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पांढुर्ण्याला येतोय, बाळाला आजोबांच्या हातची अशी गोधडी गिफ्ट मिळाली तर किती छान. आणि त्याच्या खाली आणखी एक ओळ: ‘कापड मात्र नवीनच घ्या हं बाबा, जुन्याची तिला ॲलर्जी होईल.’ आपल्याकडे दिवाळीला कोणी कोणाला गिफ्ट दिल्याचं मला आठवत नाही. आपला सण दसऱ्याचा. पांढरे कपडे घालून नागपूरला जायचं, दीक्षाभूमीवर उन्हात उभं राहायचं आणि पाय दुखत परत यायचं. दिवाळी म्हणजे थंडीच्या आत लोकांच्या गोधड्या पोचवायची तुझी घाई. तरी मी सुनेला हो म्हणून टाकलं. बायको म्हणाली, हे तिनं मलेच उद्देशून लिहिलं असंन. मी म्हटलं, बाबा लिहिलंय. तिने चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि विषय बदलला.

नवीन कापड म्हटल्यावर माझा गोंधळ सुरू झाला, तो अजून संपलेला नाही. कारण तुझा कायदा मला पाठ होता. बोरगावहून एक बाई आली होती, तुला आठवत असेल. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते आणि ती बाजारातून फुलाफुलांचं कोरं कापड घेऊन आली होती, बाळासाठी गोधडी शिवून दे म्हणून. तू सुपात डाळ निवडत होतीस. हातही न थांबवता तू तिला परत पाठवलंस. ‘लेकराले कोऱ्यात गुंडाळत नसते बाई. कोरं कापड माणसाले शेवटी लागते. आजीचं लुगडं आण, आजोबाचं धोतर आण, अंगाले लागून लागून मऊ झालेलं. माणसाचा वास असते त्यात, लेकरू भीत नाही.’ ती बाई ते कापड पिशवीत कोंबून गेली आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी जुनं लुगडं घेऊन आली. हे मी तुझ्या तोंडून त्यानंतर किती बायकांना सांगताना ऐकलं. मला वाटायचं, माझ्या मायला पांघरुणातलं सगळं कळतं. फक्त एक गोष्ट तेव्हाही विचित्र वाटायची. साऱ्या सौसरला तू गोधड्या शिवून द्यायचीस आणि आपल्या घरात एकही गोधडी नव्हती. आपण बाजारातली सोलापुरी चादर पांघरायचो. मी विचारलं की तू म्हणायचीस, वेळ कुठी हाय. ते खरंही असावं, कारण दिवसभर तू रामाकोन्याला पाटलांच्या शेतात कापूस वेचायचीस आणि शिवण दिवेलागणीनंतरची.

रामाकोन्याचंच आणखी एक आठवतं. पाटलीणबाईंच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आपण उभे आहोत. आतून फोडणीचा वास येतोय. पाटलीणबाई दिवाळीआधीचे घरातले उतरलेले कपडे तुझ्या ओच्यात घालतायत, जुनी लुगडी, फाटकी धोतरं, चादरी. बाई मायाळू होत्या, मला त्यांनी कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही. त्या दिवशी त्यांनी त्यांच्या मुलाचा एक सदरा माझ्यासमोर धरला, निळ्या रेघांचा, एकच बटण तुटलेलं. मी तो तिथेच अंगात घातला आणि सौसरपर्यंत छाती काढून चाललो. घरी आल्यावर तू माझे हात वर केलेस, सदरा काढलास, शिवणीवर दातांनी धागा तोडलास आणि टराटरा फाडून त्याच्या पट्ट्या केल्यास. मी रडायला लागलो तर म्हणालीस, ‘हे अंगात घालाचं नाही. हे गोधडीत जाईन.’ कोणाच्या गोधडीत, ते तू सांगितलं नाहीस. बाजारात विकायला जायच्या गोधडीत ते गेलं. मी समजलो, तू माझ्यावर चिडली आहेस. बरेच दिवस मी पाटलीणबाईंच्या दाराशी गेलो नाही.

तर सुनेचा कायदा नव्या कापडाचा आणि तुझा जुन्याचा. मी दोघींचं ऐकायचं ठरवलं. माणसाने असं कधी ठरवू नये, पण ती व्हिडिओतली बाई पाहता पाहता मला एक सोय दिसली. या फुग्याला दोन तुकडे लागतात. वरचा मोठा, दिसणारा. खालचा लहान, न दिसणारा. मोठ्याच्या कडांना चुण्या घालून तो लहानाच्या मापात बसवायचा, तीन बाजू शिवायच्या, चौथीतून भरण भरायचं आणि तोंड बंद करायचं. सगळे फुगे जोडून झाले की मागून एक सलग अस्तर लागतं. म्हणजे तो लहान तुकडा कायमचा आत जातो, कोणाला दिसत नाही. वरचं कापड मी पांढुर्ण्याच्या बाजारातून नवं आणलं, धुऊन खळ काढून घेतली. खालच्या तुकड्यांसाठी पेटी उघडली. तुझं म्हणून माझ्याकडे ते एकच उरलं होतं, दसऱ्याला नागपूरला जाताना नेसायचीस ते पांढरं लुगडं. बाकी तुझी लुगडी शेतात तुझ्या अंगावरच विरली. हे एक तू वर्षातून एकदा नेसायचीस, धुऊन, घडी घालून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवायचीस. बसच्या सीटचा खिळा लागून ते फाटलं होतं आणि तू बारीक रफू केलं होतंस, ते अजून तसंच आहे. मी ते पलंगावर पसरलं. कात्री घेतली, ठेवली, चहा प्यायलो, परत घेतली. मला एवढंच हवं होतं की माझ्या नातीच्या अंगावर तुझं काहीतरी असावं. मला ती ओळखत नाही तर नाही, तुझा वास तरी तिला ओळखीचा व्हावा. वास काही उरला नव्हता, खरं सांगायचं तर कडुनिंबाचाच होता.

शिवायला मी बायकोची मशीन घेतली. तिने आधी नकार दिला, मग अटी घातल्या. चुण्या मला काही केल्या सारख्या येईनात. ती येता-जाता बघायची आणि म्हणायची, समोसे भरून राहिले काय, बटाटा आणू काय आतमध्ये टाकाले. भरणाच्या बाबतीत मात्र मी कोणाचं ऐकलं नाही. ती व्हिडिओतली बाई आत काहीतरी पांढरा फसफसणारा फायबर भरत होती. इथल्या दुकानातही तो मिळतो, पिशवीत दाबून भरलेला. मी दुकानदाराला म्हटलं, अरे बाबा, चारी बाजूंनी कापूस पिकतो आणि मी लेकराच्या अंगावर प्लास्टिक घालू? पिंजाऱ्याकडून चांगला पिंजलेला कापूस आणला, हलका, मऊ. तोंडाजवळ नेला की श्वासाने उडायचा. एकेक फुगा भरताना मला फार बरं वाटत होतं. बायको शेवटी शेवटी समोसे म्हणायची थांबली आणि चुण्यांना टाचण्या लावून द्यायला बसली. लुगड्याचं मी तिलाही सांगितलं नव्हतं. तिने तुकडे पाहिले, रफूवर बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि टाचणी लावली.

दिवाळीच्या सुट्टीत ती मंडळी आली. नात दारातच मला पाहून आईच्या खांद्यात तोंड लपवून बसली. मी म्हटलं राहू दे. गोधडी खोलीच्या मधोमध पसरून दिली आणि मी तिच्या एका टोकाला, फरशीवर, जरा लांब बसलो. ती बराच वेळ आईच्या मांडीवरून पाहत राहिली. मग उतरली. एका फुग्यावर तिने बोट दाबलं. तो खाली गेला आणि वर आला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने दुसरा दाबला, परत माझ्याकडे पाहिलं. असं करत करत, फुगा दाबायचा आणि माझी परवानगी घ्यायची, ती माझ्या गुडघ्यापर्यंत आली आणि मग तिने माझा गुडघाही दाबून पाहिला. तो काही फुगला नाही म्हणून ती हिरमुसली. सगळे हसले. मीही हसलो, पण मला उठून जरा मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं. पुण्याला परत जाईपर्यंत ती त्याच गोधडीवर पालथी झोपायची, गाल एका फुग्यात रुतवून. मला वाटलं, मायचं लुगडं चालून गेलं. दोन्ही कायदे पाळले आणि निभावलं.

दिवाळी सरली आणि सुनेचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली की बाळाने गोधडीवर दूध सांडलं, म्हणून तिने ती मशीनमध्ये धुतली. कापसाचे आतमध्ये खडे झाले, वाळता वाळेना, काही फुगे उसवले आणि काहींचं आतलं कापडच फाटून बाहेर आलं. मला तेव्हाच कळलं की काय झालं असणार. आपल्या गोधडीवर टाक्यांच्या रांगा असतात, त्या आतलं सगळं धरून ठेवतात. फुग्यात टाका घालता येत नाही. आत मोकळा कापूस, त्यात पाणी, वर मशीनचं घुसळणं. आपण गोधडी उन्हात घालतो. फार तर नदीवर नेऊन आपटतो. मशीनचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. कापसाच्या मुलखातला म्हणून मी दुकानदाराला शिकवून आलो होतो, आणि तो निमूट ऐकत होता बिचारा. सून काही रागावली नव्हती. फक्त मध्येच म्हणाली, ‘बाबा, आतून जुनं पांढरं कापड निघालं. ते काय आहे?’ मी म्हटलं, अस्तर. तिकडे पिशवी उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, ‘त्याच्यावर हाताचं रफू आहे. इतकं बारीक. मी फाटलेले तुकडे फेकले नाहीत, पिशवीत ठेवलेत.’ मी हं म्हटलं. तीही हं म्हणाली. तिच्या त्या हं मध्ये काय होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. रागावलेली माणसं तुकडे पिशवीत ठेवत नाहीत. पण आवडलं असतं तर ती तसं बोलली असती, बोलणारी मुलगी आहे ती.

मग ती गोधडी दुरुस्तीला पार्सलने आली. सोबत तुकड्यांची पिशवी होती, आणि चिठ्ठीत लिहिलं होतं की बाळ ही सोडायलाच तयार नव्हतं, खडे झालेली गोधडीच ओढत फिरत होतं, शेवटी बाळ झोपल्यावर काढून घेतली आणि पाठवली, लवकर द्या. मी ती उसवायला घेतली. आता फायबरच भरायचा हे ठरलं होतं. पण खालच्या तुकड्यांचं काय करायचं ते कळेना. तेव्हा मला आठवलं, तू माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळी एक गोधडी आणली होतीस. पिवळ्या फुलांची, सौसरहून बसमध्ये मांडीवर धरून. वरून सगळं नवं कापड. माझ्या सासूबाई तेव्हा इथेच होत्या, त्या म्हणाल्या, लेकराले कोऱ्या कपड्याची गोधडी? तू फक्त एवढंच म्हणालीस, ‘धुऊन आणली.’ मी बाजूलाच होतो. मला वाटलं, माय म्हातारी झाली, आपलाच कायदा विसरली. किंवा आत जुनं घातलं असेल, वरून तेवढं नवं. इतकी वर्षं मी तेच धरून होतो, आणि लुगडं आत लपवायची अक्कल मला त्याच्यावरूनच सुचली असावी.

ती गोधडी बायकोने जपून ठेवली होती. तू आत काय आणि कसं घातलं होतंस ते पाहावं म्हणून मी तिची एक कड उसवली. वरचं कापड नवं. मागचं नवं. मधले थर मी एकेक करून चिमटीत धरून पाहिले, ते नवे. कोऱ्या मांजरपाटाचे, धुऊन मऊ केलेले. तुझ्या अंगाचं काही नाही, माझ्या बापाचं नाही, कोणाच्याच अंगाचं काही नाही. बायको भाजी चिरत होती. मी तिला म्हटलं, पाहा, मायनं आपल्याच नातवाले साऱ्या कोऱ्यात गुंडाळलं, जगाले सांगे जुनं आणा म्हणून. तिने विळीवरून मान वर केली. म्हणाली, ‘तुमच्या घरी जुनं होतं, ते तुमचं होतं काय? सारं रामाकोन्याचं उतरलेलं. ते नातवाच्या अंगावर घातलं असतं काय त्यांनी?’ आणि मग जरा हळू म्हणाली, ‘तुम्हाले हे आता समजून राहिलं?’

हो माय, मला आता समजून राहिलं, आणि तेही पूर्ण नाही. बोरगावच्या त्या बाईला आजीचं लुगडं आण म्हणालीस, कारण ते त्या लेकराच्या घरच्याच आजीचं होतं. निळ्या रेघांचा सदरा तू माझ्या अंगावरून काढलास तो माझ्यावर चिडून नाही. घरात गोधडी नव्हती ती वेळ नव्हता म्हणून नाही. आपल्या घरातल्या जुन्याला दुसऱ्याच घराचा वास होता. हे सगळं एका ओळीत बसतं. पण ते बसतं म्हणूनच मला शंका येते. बायकोने भाजी चिरता चिरता जे ओळखलं ते तू मला एकदाही का सांगितलं नाहीस? सासूबाईंसमोर तरी सांगायचंस. की त्यात सांगण्यासारखं तुला काही वाटलंच नाही? पाटलीणबाई तुझ्याशी चांगल्या वागायच्या, तूही त्यांचं नाव कधी वाईट घेतलं नाहीस, त्या गेल्या तेव्हा तू दोन घास कमी खाल्लेस. मग तो सदरा फाडताना दात का लावलेस? कदाचित बायको म्हणते तसं काहीच नसेल. कदाचित तुला ते पिवळ्या फुलांचं कापड आवडलं असेल, बस, एवढंच. आजीला एखादं कापड आवडू शकतं. मला तुझ्या मनातलं ओळखता येतं असा माझा समज होता. मी तुझ्या सुईत दोरा ओवायचो, त्यावरून मला वाटायचं की तुझ्या हातातलं सगळं मला माहीत आहे.

आणि लुगड्याचं तर मला मुळीच कळत नाही. ते तर कोणाच्या घरचं उतरलेलं नव्हतं. सौसरच्या बाजारात तू ते स्वतः पसंत करून घेतलं होतंस, मी सोबत होतो, दुकानदाराने रंगीत दाखवलं तर तू पांढरंच दे म्हणालीस. कोरं घेतलंस आणि तूच ते नेसून नेसून जुनं केलंस. मग ते तुझ्या हिशेबात कशात बसतं, कोऱ्यात की जुन्यात? ते कापलं म्हणून तू मला बोलली असतीस, की असं एक तरी आपलं जुनं घरात झालं म्हणून तुला बरं वाटलं असतं? मी पुष्कळ विचार केला. एकदा वाटायचं, सगळे तुकडे काढून नवं मांजरपाट घालावं, तू नातवाला घातलंस तसं. एकदा वाटायचं, फाटलेलेसुद्धा चिकटवून परत आत घालावेत. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, मले काय विचारता, तुमची माय. शेवटी जे फुगे शाबूत होते त्यांचा कापूस काढून फायबर भरला आणि तुझं लुगडं राहू दिलं. जे फाटले होते त्यांना नवं मांजरपाट लावलं. म्हणजे तुझं अर्धं ऐकलं आणि अर्धं नाही, आणि त्यातलं कोणतं अर्धं ऐकलं ते मला माहीत नाही. रफूचा फुगा उसवला होता, पण तुकडा शाबूत निघाला. तो मधल्या रांगेत आहे.

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, म्हणून शेवटचंही लिहून ठेवतो. सून फोनवर विचारते, बाबा, झाली का, इकडे थंडी पडली, बाळ शोधतंय. मी म्हणतो, अजून कडेचं काम बाकी आहे. बायको ते ऐकते आणि स्वयंपाकघरात निघून जाते, कारण कडेचं काम मागच्याच आठवड्यात झालं हे तिला माहीत आहे, कड तिनेच धरली होती. पार्सल उघडलं तेव्हाच त्या गोधडीला वास होता, दुधाचा, खोबरेल तेलाचा आणि झोपलेल्या लेकराच्या मानेचा. बाहेरून मी फक्त ओल्या फडक्याने पुसली, धुतली नाही. तू सांगायचीस तो माणसाचा वास हाच असावा. तो पोरीला लागावा म्हणून मी तुझं लुगडं कापलं, आणि लागला तो मला. लिहिताना गोधडी माझ्या गुडघ्यांवर आहे. उद्या पोस्टात नेईन, असं कालही म्हटलं होतं. टाका मारून झाला, माय. पण उठवत नाही मला.